विश्लेषण : सर्व्हर फक्त वेबसाइटसाठी, मग फायरवॉल हवीच कशाला?

स्वतंत्र सर्व्हरवर दोनच पोर्ट उघडी असतील तर फायरवॉलची गरज उरते का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय, तो कुठे अडतो आणि महाराष्ट्रातल्या सायबर हल्ल्यांनी काय दाखवले?

पांझरा ओलांडली की देवपूर. धुळ्यातली कॉलेजे, क्लास, वसतिगृहे, दवाखाने यांची या बाजूला दाटी आहे आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाला आता वेबसाइट लागते. प्रवेशाचा अर्ज, फी, निकाल, डॉक्टरांची वेळ, सगळे मोबाइलवर. सुरुवातीला स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर भागते. मग एखाद्या निकालाच्या दिवशी साइट कोलमडते आणि कोणीतरी सुचवते, ‘आपला स्वतंत्र सर्व्हर घेऊन टाका.’

सर्व्हर येतो आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो. या यंत्रावर वेबसाइटशिवाय काहीच चालणार नाही. बाहेरच्या जगासाठी दोनच दरवाजे उघडे राहणार. मग फायरवॉलवर वेळ आणि पैसा का घालवायचा?

प्रश्न बाळबोध वाटला तरी तसा नाही. नेटवर्कच्या कामात मुरलेली मंडळीही यावर दोन बाजूंनी बोलतात आणि ‘गरज नाही’ म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शेअर्ड होस्टिंगवर असताना यंत्राची राखण होस्टिंग कंपनी करते. स्वतंत्र सर्व्हर ‘अनमॅनेज्ड’ घेतला, म्हणजे देखभालीविना स्वस्तातला घेतला, की ती जबाबदारी गपचूप ग्राहकाकडे येते. बिलावर तिची वेगळी ओळ नसते.

फायरवॉल नेमके काय करते?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला ६५,५३५ क्रमांकांपर्यंत पोर्ट, म्हणजे दरवाजे असतात. वेबसाइटची ये-जा ८० आणि ४४३ या क्रमांकांवरून होते. लिनक्स सर्व्हर दुरून चालवण्यासाठीचे एसएसएच २२ वर, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर, मायएसक्यूएल डेटाबेस ३३०६ वर. एखादा प्रोग्राम त्या क्रमांकावर ‘ऐकत’ बसला असेल तरच दरवाजा उघडा. कोणी ऐकत नसेल तर आलेली विनंती ऑपरेटिंग सिस्टिम परत पाठवते.

फायरवॉल या सगळ्याच्या आधी उभी असते. कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला कोणत्या दरवाजापर्यंत जाऊ द्यायचे, याची ती नियमावली. पांझरा-मोसमच्या खोऱ्यातली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर कळेल. बंधाऱ्यात पाणी आहे म्हणून ते हवे त्या शेतात जात नाही. कोणती चारी कधी उघडायची हे पाटकरी ठरवतो. पीक राखायला मात्र जागल्या वेगळा असतो. फायरवॉल हा पाटकरी आहे. त्याच्याकडून जागल्याच्या कामाची अपेक्षा केली की फसगत होते, त्याबद्दल पुढे.

आणखी एक गैरसमज खर्चाचा. फायरवॉल म्हणजे रॅकमध्ये बसवायचा महागडा डबा, असे विक्रेत्यांच्या कोटेशनवरून वाटते. लिनक्समध्ये ती मूळ प्रणालीतच असते आणि फुकट असते. विंडोज सर्व्हरमध्येही असते.

‘गरज नाही’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय?

त्यांचा तर्क सरळ आहे. बंद दरवाजावर हल्ला करण्यासारखे काही नसते, तिथे फायरवॉल नवे काय रोखणार? आणि उघडा दरवाजा, म्हणजे ४४३, फायरवॉललाही उघडाच ठेवावा लागतो, नाहीतर वेबसाइट दिसणार नाही. मग तिने केले काय? त्यापेक्षा नको असलेले प्रोग्राम काढून टाका, उरलेले अद्ययावत ठेवा.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. फायरवॉल हेही शेवटी सॉफ्टवेअर आहे, त्यातही चुका असतात. एप्रिल २०२४ मध्ये पालो अल्टो नेटवर्क्स या नामांकित कंपनीच्या फायरवॉलमध्येच अशी त्रुटी सापडली, की तिला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. हल्लेखोर तिचा वापर आधीपासून करत होते. राखणदाराच्या खोलीतूनच चोर आत, असा हा प्रकार.

तिसरा मुद्दा निकालाच्या दिवसाचा. लिनक्सची फायरवॉल चालू असलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवते. एकाच वेळी हजारो विद्यार्थी तुटून पडले आणि तक्ता लहान असला तर तो भरतो आणि नव्या जोडण्या टाकून दिल्या जातात. सर्व्हर ठणठणीत, पण साइट उघडत नाही. तक्त्याची मर्यादा वाढवली की प्रश्न सुटतो, पण हे ठाऊक नसलेला माणूस रात्रभर वेबसाइटचा कोड तपासत बसतो.

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यांच्या तळाशी एक गृहीतक आहे. सर्व्हर आज जसा आहे तसाच उद्या राहील, हे ते गृहीतक.

उद्या काय बदलते?

‘फक्त वेबसाइट’ असलेला सर्व्हर फार दिवस तसा राहत नाही. साइट मंद झाली म्हणून कोणी मेमकॅश्ड किंवा रेडिस बसवते. नव्या ॲपसाठी मोंगोडीबी येतो. प्रकल्पासाठी आलेला विद्यार्थी चाचणीपुरते काहीतरी चालू करतो आणि परीक्षा आली की विसरून जातो. यातला प्रत्येक प्रोग्राम स्वतःचा दरवाजा उघडतो. तो फक्त यंत्राच्या आत उघडायचा की साऱ्या जगासाठी, हे त्याच्या मूळ सेटिंगवर ठरते आणि ते सेटिंग कोणी वाचत नाही.

याची किंमत जगाने मोजली आहे. जानेवारी २०१७ मध्ये हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. ते डेटाबेस कोणी फोडले नव्हते. २७०१७ हे पोर्ट उघडे होते आणि पासवर्ड नव्हता. पुढच्याच वर्षी, २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला आणि ते काही मिनिटे कोलमडले. त्यासाठी वापरलेली यंत्रे हल्लेखोरांची नव्हतीच. ११२११ क्रमांकाचे पोर्ट जगासाठी उघडे ठेवलेले इतरांचे मेमकॅश्ड सर्व्हर होते ते. त्यांच्या मालकांना आपले यंत्र दुसऱ्यावर दगड फेकते आहे, याचा पत्ता नव्हता.

या दोन्ही ठिकाणी ‘ठरवून दिलेली पोर्ट सोडून बाकी सगळे बंद’ असा साधा नियम असता तर विसरलेले सेटिंग विसरलेलेच राहिले असते, त्यातून अनर्थ झाला नसता. फायरवॉलचा वेब सर्व्हरवरचा खरा उपयोग हा आहे. ती आजच्या सर्व्हरपेक्षा उद्या होणाऱ्या चुकीसाठी असते.

‘देवपूरच्या क्लासची साइट कोण कशाला हॅक करेल?’ हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर असे की कोणी नाव वाचून येत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, सगळे पत्ते मिळून सुमारे ४३० कोटी होतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की वेगवान जोडणी असेल तर एका साध्या यंत्रावरून, एका पोर्टपुरता, हा सारा पसारा ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो. नवा सर्व्हर चालू करून त्याची लॉगिनची नोंद उघडून पाहिली, तर पहिल्याच दिवशी अनोळखी पत्त्यांवरून झालेले प्रयत्न दिसतात. तिथे क्लास, बँक आणि सरकारी कार्यालय सगळे सारखेच.

महाराष्ट्रात काय घडले?

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्क समूहाचे ते टर्मिनल. कंटेनरची नोंद करणारी संगणक यंत्रणाच बंद पडल्याने कामे हाताने करावी लागली. कारण होते ‘नॉटपेट्या’. हा व्हायरस मुंबईवर सोडलेलाच नव्हता. तो युक्रेनमधल्या करभरणीच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला आणि बड्या कंपन्यांच्या अंतर्गत नेटवर्कमधून देशोदेशी पसरला. त्याच्या वाटांपैकी एक होती ४४५ क्रमांकाचे पोर्ट, विंडोज यंत्रे आपापसात फाइल देण्या-घेण्यासाठी वापरतात ते. दीड महिन्यापूर्वी, १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’नेही हीच वाट वापरली होती आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता.

या घटनेतला धडा वेब सर्व्हरवाल्यांसाठीही आहे. सीमेवर भक्कम भिंत असली तरी ‘आपल्याच’ नेटवर्कमधून आलेल्याला ती अडवत नाही. कॉलेजच्या आवारात ठेवलेला सर्व्हर आणि लॅबमधले साठ संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल हीच त्या दोघांमधली शेवटची भिंत.

२१ मार्च २०२१ च्या पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, संगणक यंत्रणा रॅन्समवेअरने बंद पडली. राज्यभरच्या उद्योजकांची ऑनलाइन कामे अडली. महामंडळाची काही ॲप्लिकेशन क्लाउडवर होती, काही स्वतःच्या सर्व्हरवर. अँटिव्हायरसचा परवानाही होता. उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. बॅकअप नेटवर्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेला असल्याने त्याला लागण झाली नाही, असे महामंडळाने तेव्हा सांगितले. एका भागातून दुसऱ्या भागात सरसकट ये-जा नसणे, हे फायरवॉलचेच काम.

तिसरी घटना गावोगावच्या खातेदारांपर्यंत पोहोचलेली. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडखळले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. या बँकांना तांत्रिक सेवा देणारी सी-एज ही कंपनी रॅन्समवेअरच्या तडाख्यात सापडल्याने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडून वेगळे केले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर दिलेल्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात सी-एजशी संबंधित दुसऱ्या एका कंपनीच्या ‘जेनकिन्स’ सर्व्हरपासून झाली. त्याची मांडणी सदोष होती. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका त्रुटीतून हल्लेखोरांनी त्यावरच्या फाइल वाचल्या आणि तिथून २२ क्रमांकाच्या दरवाजाने आत शिरकाव केला, असे त्यात म्हटले होते.

जेनकिन्स हे प्रोग्रामरांचे अवजार आहे. कोड तयार करणे, तपासणे, सर्व्हरवर चढवणे ही कामे ते आपोआप करते. त्याचा वापर कंपनीतल्या मूठभर लोकांना असतो. ते अख्ख्या जगाला दिसायला हवे असे एकही कारण नाही. वेब सर्व्हरवरच्या पीएचपीमायॲडमिनबद्दल आणि कंट्रोल पॅनेलबद्दल हेच म्हणता येईल. देवपुरातला लहानसा सर्व्हर आणि ३०० बँकांना थांबवणारा सर्व्हर यांच्यातली चूक एकाच जातीची असते.

बाहेर जाणाऱ्या वाटेचे काय?

फायरवॉलची चर्चा नेहमी आत येणाऱ्यांबद्दल होते. सर्व्हर स्वतःहून बाहेर कोणाशी बोलतो, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. डिसेंबर २०२१ मधल्या ‘लॉगफोरशेल’ त्रुटीने त्याचे महत्त्व दाखवले. जावाच्या एका लोकप्रिय नोंदवहीत ती चूक होती आणि जगातले असंख्य सर्व्हर एका रात्रीत धोक्यात आले. हल्लेखोर वेबसाइटला एक विशिष्ट मजकूर पाठवायचा. तो मजकूर ४४३ मधून रीतसर आत यायचा आणि नोंद करताना सर्व्हर स्वतःच हल्लेखोराच्या यंत्राशी संपर्क साधून तिथला घातक कोड घेऊन यायचा.

म्हणजे हल्ल्याच्या नेहमीच्या स्वरूपात एक टप्पा बाहेर जाण्याचा होता. ज्यांच्या सर्व्हरला ठरावीक ठिकाणांखेरीज बाहेर बोलायला मनाई होती, त्यांच्याकडे ही साखळी तिथेच तुटण्याची शक्यता मोठी होती. वेब सर्व्हरला बाहेर जायचे असते ते मोजक्या कामांसाठी. अपडेट, पेमेंट गेटवे, एसएमएस, ईमेल. त्याची यादी करायला अर्धा दिवस लागतो आणि म्हणूनच ती बहुतेक जण करत नाहीत.

फायरवॉल कुठे हतबल?

इथे जागल्याची गोष्ट येते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. चोर वेबसाइटच्या उघड्या दरवाजानेच आले. अपाची स्ट्रट्समधल्या चुकीवरचा उपाय मार्चमध्ये उपलब्ध होता, तो बसवलेला नव्हता. आत-बाहेरची वाहतूक तपासणारे उपकरण होते, पण त्याचे डिजिटल प्रमाणपत्र संपून अनेक महिने झाले होते, त्यामुळे त्याला काही दिसतच नव्हते. उपकरण असणे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष असणे या दोन गोष्टी आहेत.

लहान संस्थांच्या साइट बहुतेकदा याच वाटेने पडतात. वर्डप्रेसचे जुने प्लगइन, ‘ॲडमिन@१२३’ छापाचा पासवर्ड, फॉर्ममध्ये न तपासलेला मजकूर. फायरवॉलच्या लेखी हे सगळे रीतसर पाहुणे. वेब ॲप्लिकेशन फायरवॉल नावाचा वेगळा प्रकार अशा विनंत्यांचा मजकूर वाचतो आणि काही हल्ले अडवतो, पण जुने प्लगइन बदलायला तो पर्याय नाही. त्यामुळे ‘आमची फायरवॉल घ्या, साइट हॅक होणार नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच निरोप द्यायला हरकत नाही.

कायदा काय म्हणतो?

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्यात ‘फायरवॉल लावा’ असे शब्द नाहीत. पण विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि बँक खाती असलेला डेटाबेस जगासाठी उघडा सापडला, तर वाजवी काळजी घेतली होती हे पटवून देणे अवघड जाईल. हे दाखले जमा करणाऱ्या क्लासचालकांना आपण ‘डेटा’ बाळगतो हेच अनेकदा वाटत नाही.

प्रत्यक्षात काय करावे लागते?

उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू नावाची सोपी फायरवॉल आधीच असते, पण ती बंद ठेवलेली असते. अल्मा, रॉकी या प्रणालींमध्ये फायरवॉलडी सहसा चालूच असते, आणि ‘साइट दिसत नाही’ म्हणून घाईत ती अख्खी बंद करण्याचा रिवाज आहे. त्याऐवजी ८० आणि ४४३ सगळ्यांसाठी उघडावीत, २२ फक्त ओळखीच्या पत्त्यांसाठी, आत येणारे बाकी सगळे बंद. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे २२ साठी व्हीपीएन बरे पडते. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या घटकात लपवलेला चोरदरवाजा सापडला आणि जुलैमध्ये खुद्द ओपनएसएसएचमध्ये त्रुटी निघाली. अशा आठवड्यात २२ जगाला दिसत नसेल तर अपडेट करायला उसंत मिळते.

दोन खड्डे मात्र अनुभवी लोकांनाही चकवतात. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जाते. डॉकरच्या कागदपत्रांत हे लिहिलेले आहे, तरी नियम दिसतो ‘बंद’ आणि डेटाबेस असतो उघडा. दुसरा खड्डा आयपीव्ही६ चा. जुन्या पद्धतीने लिहिलेले नियम फक्त आयपीव्ही४ ला लागू होतात आणि नव्या पत्त्यावरून सर्व्हर सताड उघडा राहतो. म्हणून सर्व्हरच्या आतून दिसणाऱ्या यादीवर विसंबू नये. संस्थेच्या वायफायवरून नव्हे, तर बाहेरच्या जोडणीवरून, दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवर पोर्ट तपासून पाहावीत. होस्टिंग कंपनी स्वतःची नेटवर्क फायरवॉल देत असेल तर तीही चालू करावी. ती सर्व्हरच्या बाहेर असल्याने डॉकरला तिला वळसा घालता येत नाही.

आणि एक सावधगिरी. २२ चा नियम लिहायच्या आधीच फायरवॉल चालू केली तर पहिला बाहेर राहतो तो सर्व्हरचा मालक. सर्व्हर मुंबईच्या किंवा जर्मनीच्या डेटा सेंटरमध्ये, आणि धुळ्यातून त्यात शिरायला वाट नाही. बहुतेक कंपन्या अशा वेळेसाठी ब्राउझरमधून उघडणारा आपत्कालीन कन्सोल देतात. त्याचा पासवर्ड हाताशी आहे का आणि तो उघडतो का, हे फायरवॉल चालू करण्याच्या आधी पाहावे.